ठाकरसी घराणं आणि एसएनडीटीचं फॅशन शिक्षण

मुंबईत कुणाची मुलगी फॅशनचं शिकते असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, निफ्टला का? तर नाही, निफ्ट (सरकारी फॅशन संस्था) दिल्लीत निघालं 1986 ला, आणि त्याच्या दहा वर्षं आधी, 1976 ला, जुहूला एसएनडीटी या महिला विद्यापीठाचं मुलींचं पॉलिटेक्निक सुरू झालं होतं. प्रेमलीला विठ्ठलदास पॉलिटेक्निक हे त्याचं पूर्ण नाव, पण तेवढं कोणी म्हणत नाही, सगळे पीव्हीपीच म्हणतात. तिथे इलेक्ट्रॉनिक्स, फूड टेक्नॉलॉजी वगैरेही आहे, म्हणजे निव्वळ फॅशन कॉलेज नाहीये ते, पण कपडे डिझाइन करणं आणि ते प्रत्यक्ष बनवणं या दोन्हीचा डिप्लोमा तिथे मिळतो आणि बऱ्याच घरांत कॉलेजची ओळख तीच आहे. या सगळ्याच्या मागे जे घराणं उभं आहे ते ठाकरसींचं.

ठाकरसी म्हणजे मुंबईचे भाटिया, गुजराती बोलणारे, कापडगिरण्यांचे मालक. क्रिकेटर विजय मर्चंट पण याच घरातले बरं का, खरं आडनाव ठाकरसी, शाळेत घरचा धंदा विचारला आणि तोच आडनाव म्हणून लिहिला गेला असा किस्सा सांगतात. असो. या घरातले सर विठ्ठलदास (1873-1922) गिरण्या तर चालवायचेच, शिवाय सहकारी बँकेच्या कामात होते, इंपिरियल कौन्सिलवर, म्हणजे ब्रिटिश काळातल्या केंद्रीय कायदेमंडळावर होते, 1908 ला सर झाले.

इकडे पुण्यात अण्णा कर्व्यांनी 1916 ला महिला विद्यापीठ काढलं होतं, पहिल्या वर्षी कॉलेजात मुली किती, तर पाच. जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हातात पडल्यावर त्यांच्या डोक्यात ही कल्पना पक्की झाली होती, शिकवायचं मातृभाषेतून, इंग्रजी सक्तीची पण विषय म्हणून, आणि जोडीला घर चालवण्याचं, आरोग्याचं शास्त्र. पैसा मात्र नव्हता, अण्णा गावोगाव वर्गणी मागत फिरायचे. मग विठ्ठलदास परदेश दौऱ्यात तेच जपानचं विद्यापीठ स्वतः बघून आले आणि 1920 ला त्यांनी 15 लाख देऊ केले. त्या काळातले 15 लाख! बदल्यात विद्यापीठाला आईचं नाव द्यायचं, म्हणून ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झालं. लोक याला नावासाठी दिलेली देणगी म्हणून नाकं मुरडतात, मला ते पटत नाही, कारण नाव स्वतःचं नाही लावलं, आईचं लावलं. आणि सगळी रोकड एकदम हातात ठेवली असंही नव्हतं, वर्षाला व्याज मिळत राहील अशी व्यवस्था होती.

दोनच वर्षांत ते गेले. त्यांच्या पत्नी प्रेमलीलाबाई तेव्हा अठ्ठावीसच्या आसपास. खरी गोष्ट इथून सुरू होते असं मला वाटतं, कारण पैसे देऊन मोकळी होणारी घराणी पुष्कळ असतात, ही बाई पुढची पन्नासेक वर्षं या कामाला धरून राहिली. विद्यापीठाचं मुख्यालय 1936 ला मुंबईला आलं, 1949 ला कायदा झाला, 1951 ला सरकारी मान्यता लागू झाली आणि त्यानंतरच्या पहिल्या कुलगुरू म्हणजे लेडी प्रेमलीला ठाकरसी. पुण्याला येरवड्यात त्यांचा पर्णकुटी हा बंगला, आजही तिथल्या चौकाला पर्णकुटी चौकच म्हणतात, 1933 चं एकवीस दिवसांचं उपोषण गांधीजींनी तुरुंगातून सुटून तिथेच पूर्ण केलं आणि पुढच्याच महिन्यात देवदास गांधींचं लग्नही तिथेच लागलं. गिरणीवाल्यांच्या बंगल्यात चरखेवाला पाहुणा, गंमतच आहे. कस्तुरबा ट्रस्टचं अध्यक्षपदही पुढे त्यांच्याकडे आलं, 1975 ला पद्मभूषण मिळालं आणि 1977 ला त्या गेल्या, म्हणजे आपल्या नावाचं पॉलिटेक्निक निघालेलं त्यांच्या हयातीतच.

आता तिथे शिकतात काय, तर पहिल्यांदा नुसतं माप घेणं. मग ब्राऊन पेपरवर पॅटर्न काढायचा, डार्ट, म्हणजे कपडा अंगाला बसवणारी चुणी, कुठे येणार ते ठरवायचं, डमीवर मांजरपाट टाचण्यांनी लावून ड्रेपिंग, म्हणजे कपड्याला आकार द्यायचं काम करायचं, ते जमलं की मगच खरं कापड हातात येतं, आणि तरी मुंढ्याला बाही बसवताना झोल येतोच. मशीनवर सरळ शिलाई मारायला जेवढे दिवस जातात त्याची कल्पना फक्त स्केच काढून आलेल्या मुलींना नसते. कापडासाठी मंगलदास मार्केट, लेस-बटणांसाठी भुलेश्वर, लोकलमधून पिशव्या घेऊन परत जुहू. शेजारीच सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय, तिथे टेक्स्टाइलचा अभ्यास जास्त शास्त्राच्या अंगाने होतो, धागा कसला, रंग पक्का का कच्चा वगैरे. दोन्हीकडचा फरक बाहेरच्याला कळत नाही, ॲडमिशनच्या वेळी नीट विचारून घ्यावं.

मधल्या काळात मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, 18 जानेवारी 1982 चा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि नंतर गिरणगावचे टॉवर. कापडातून आलेला पैसा मात्र शिक्षणात गेला तेवढा टिकला. विद्यापीठ नाथीबाईंचं, जुहूचा कॅम्पस विठ्ठलदासांच्या नावाचा, पॉलिटेक्निक प्रेमलीलाबाईंचं, त्यामुळे पीव्हीपीच्या मुलीच्या मार्कशीटवर सासू-सून दोघी एकत्र छापलेल्या असतात, आणि ती मुलगी दोघींपैकी कुणाचंच नाव न घेता एसएनडीटी म्हणून मोकळी होते.