ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉकिंग

ग्राफिक्स कार्डावरची चिप आणि मेमरी कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. एकाच सिलिकॉन चकतीतून कापलेल्या चिपही सारख्या दमाच्या निघत नाहीत. कंपनी मात्र त्यांतल्या कमजोर चिपलाही झेपेल असाच वेग जाहीर करते. मधली शिल्लक वापरणाऱ्याच्या पदरात पाडून घेणे, हा सुरुवातीच्या साऱ्या सॉफ्टवेअरचा उद्देश होता.

ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, वेग बदलायची सोय होती, पण दडवलेली. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या साठ्यात, ‘कूलबिट्स’ ही नोंद घातली की ती दिसू लागे. रशियन प्रोग्रॅमर अलेक्सेई निकोलायचुक यांनी १९९७ मध्ये सुरू केलेले मोफत रिव्हाट्यूनर याच्या कितीतरी पुढे गेले. वेग, पंखा, तापमानाचे आलेख, ड्रायव्हरमधल्या लपवलेल्या सेटिंग्ज असे सगळे त्याने एका जागी आणले. एनव्हिडियाची स्पर्धक असलेल्या एटीआयच्या कार्डांसाठी एटीआयटूल लोकप्रिय होते. पडद्यावर एक केसाळ ठोकळा फिरत राही, सॉफ्टवेअर चित्रातले चुकार ठिपके शोधत जाई आणि वेग कुठे थांबवायचा ते त्यावरून ठरे. २००३ मध्ये एटीआयने स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये ‘ओव्हरड्राइव्ह’ दिले आणि ही हौस अधिकृत झाली.

रिव्हाट्यूनरची शेवटची आवृत्ती २००९ ची. त्याच्या पायावर कार्ड बनवणाऱ्या एमएसआय कंपनीचे आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर उभे राहिले. ते इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालते, आणि त्याच्या प्रसाराचे हेच मोठे कारण मानावे लागेल. एवढ्या मोठ्या वापराचा भार मुख्यतः एकाच माणसावर होता. रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर निकोलायचुक यांना मिळणारे पैसे थांबले आणि काम रखडल्याचे त्यांनी २०२३ च्या सुरुवातीला सांगितले, तेव्हा ही गोष्ट सर्वांच्या लक्षात आली. नवी आवृत्ती त्याच वर्षी आली.

खरा बदल २०१२ चा. जीटीएक्स ६८० या कार्डावर एनव्हिडियाने ‘जीपीयू बूस्ट’ आणले. मूळ वेग १००६ मेगाहर्ट्झ, पण वीज आणि तापमानाला वाव असेल तर कार्ड आपणहून वर चढे. शिल्लक आता कंपनीच वापरू लागली. २०१६ च्या जीटीएक्स १०८० पासून प्रत्येक व्होल्टेजला किती वेग, हा आलेख बिंदूगणिक बदलता येऊ लागला. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबले की तो उघडतो. अनेक जण त्याचा वापर आता उलट्या कामासाठी करतात: वेग साधारण तोच ठेवून व्होल्टेज उतरवायचे. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. उष्णता, पंख्याचा आवाज आणि विजेचा खर्च कमी होतो. उन्हाळ्यात चाळिशी गाठणाऱ्या गावांत हा उपयोग वेग वाढवण्यापेक्षा मोलाचा आहे.

मेमरीबाबत एक सापळा आहे. जीडीडीआर५ या मेमरीच्या प्रकारापासून डेटा नेता-आणताना झालेली चूक पकडून तो पुन्हा पाठवता येतो. त्यामुळे मर्यादा ओलांडली तरी पडद्यावर ठिपके दिसतीलच असे नाही. पुन्हा पाठवण्यात वेळ जातो आणि खेळ मात्र मंदावतो. म्हणून मेगाहर्ट्झच्या आकड्यावर न जाता दर पायरीला फ्रेम, म्हणजे सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रे, मोजाव्या लागतात, आणि त्यासाठी बहुतेक जण वापरतात ते आरटीएसएस हे सॉफ्टवेअरही निकोलायचुक यांचेच.