७.६२ म्हणजे नेमकं कोणतं काडतूस?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जाऊन ‘अर्धा इंची नट द्या’ म्हणालात, तर समोरून प्रश्न येतो, आटे कुठले? ब्रिटिश पद्धतीच्या बीएसडब्ल्यूला इंचाला १२, अमेरिकी यूएनसीला १३. चुकीचा नट एक-दोन आटे गोड चढतो आणि मग अडतो. रायफलच्या काडतुसांचंही तसंच, पण तिथं ‘लावून बघू’ म्हणायची सोय नाही.

७.६२ हाच आकडा घ्या. एके-४७चं काडतूस ७.६२×३९, नाटोचं ७.६२×५१, रशियाचं जुनं, बुडाला बाहेर आलेली कड असलेलं ७.६२×५४ आर. दुसरा आकडा पुंगळीची, म्हणजे दारू आणि गोळी धरणाऱ्या पितळी नळकांड्याची लांबी, मिलिमीटरमध्ये. तिन्ही एकमेकांच्या रायफलीत चालत नाहीत. गंमत म्हणजे नाटोच्या गोळीचा व्यास ७.६२ नाहीच, तो ७.८२ मिमी आहे. नळीत पीळ पाडण्याआधीचं भोक ७.६२चं, गोळी मात्र पिळाच्या खाचा भरून काढेल एवढी जाड लागते. आपल्याकडे पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षं दिसलेल्या .३०३ची गोळीही ०.३०३ इंच नसून साधारण ०.३११ इंच असते. तेव्हा नावावरून माप काढायला जाऊ नये.

खरा प्रश्न वेगळाच आहे: काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात शिरल्यावर अडतं कुठे? .३०३ अडतं बुडाच्या कडेवर. .३०८ विंचेस्टर या नागरी काडतुसाला अशी बाहेर आलेली कड नाही. ते पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे ती गोळी धरणाऱ्या गळ्याकडे निमुळती होते त्या उतारावर टेकतं. ही टेकायची जागा आणि चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टचं तोंड यांतलं अंतर म्हणजे हेडस्पेस. ते जास्त झालं, तर काय होतं ते वापरलेल्या पुंगळीवर वाचता येतं. बार उडताच आत हवेच्या दाबाच्या चार हजार पटींच्या आसपास दाब तयार होतो. पुंगळीची पातळ भिंत फुगून चेंबरला चिकटते, जाड बूड मात्र मागे बोल्टकडे ढकललं जातं. मधलं पितळ ताणलं जातं. बुडाच्या जरा वर एक चकचकीत कडं दिसू लागतं. पेपरक्लिपचं टोक किंचित वाकवून पुंगळीच्या आतून फिरवलं, की त्याच जागी बारीक खाच लागते. अशी पुंगळी भंगारात टाकायची. पुन्हा भरून उडवली तर ती तिथेच तुटू शकते, आणि मग गरम वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो.

एकसारख्या काडतुसांच्या गल्लतीची धास्ती कारखानदारांनाही असते. १९२५च्या .२७० विंचेस्टरची गोळी ७.०४ मिमी, १९५७च्या .२८० रेमिंग्टनची ७.२१. दोन्हींचं मूळ एकच, .३०-०६. म्हणून .२८०चा खांदा मुद्दाम सव्वा मिलिमीटर पुढे नेला. चुकून कोणी ते .२७०मध्ये घातलं तर बोल्ट बंदच होत नाही. एवढी अक्कल चालवून १९७९मध्ये कंपनीने त्याचं नाव ‘७ एमएम एक्स्प्रेस’ केलं! लोक ते ‘७ एमएम मॅग्नम’शी गल्लत करू लागले आणि थोड्याच वर्षांत जुनं नाव परत आलं.

आता डायकडे. परदेशात अनेक नेमबाज रिकामी पुंगळी पुन्हा भरतात. फुगलेली पुंगळी डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात दाबली की मूळ आकाराला येते. (.२२ रिमफायरला हे लागू नाही, तिचा स्फोटक मसाला कडेतच भरलेला असतो. स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ज्या प्रकारात कांस्य मिळवलं, तिथं हीच वापरतात.) आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणं गुन्हा आहे, पण त्यातलं धातुशास्त्र समजून घ्यायला परवाना लागत नाही.

डायचे बाहेरचे आटे बहुतेक ठरलेले: ७/८ इंच, इंचाला १४. त्यामुळे डाय प्रेसवर (पुंगळी दाबायच्या यंत्रावर) चढली म्हणजे ती योग्य, असं नाही. .३०८ आणि .२४३ विंचेस्टर यांचं बूड एकच, म्हणून पुंगळी धरणारा शेलहोल्डरही एकच. डाय मात्र वेगळी, कारण .२४३चा गळा बारीक. उलट .३०८ आणि ७.६२×५१ नाटो यांना एकच डाय चालते. त्यांचा फरक बाहेरून दिसतच नाही: लष्करी पुंगळीची भिंत बहुधा जाड, म्हणून आतली जागा कमी, आणि तेवढ्याच दारूला दाब जास्त. लष्करी चेंबरचा हेडस्पेसही थोडा सैल धरलेला असतो.

माझ्या मते खरी मेख डाय निवडण्यापेक्षा ती बसवण्यात आहे. योग्य डायसुद्धा गरजेपेक्षा खाली फिरवली, तर खांदा जास्त मागे जातो आणि उत्तम रायफलीतही सैल हेडस्पेस आपणच तयार करतो. त्यामुळे बोल्ट-ॲक्शन रायफल असेल तर तिच्यातच उडालेली पुंगळी मोजतात आणि खांदा मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग मागे घेतात. .३०३चे लष्करी चेंबर ऐसपैस असल्याने तिथं बरेच जण फक्त गळाच दाबतात.

दर वेळी दाबताना पितळ कडक होतं आणि शेवटी गळा चिरतो. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त या मिश्रणाचा आणखी एक शत्रू भारतातच सापडला. ब्रिटिश फौजेची पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेली काडतुसं न उडवताच तडकत. पागेतला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात अडकून राहिलेला ताण, या तिघांची ती करणी होती; १९२१मध्ये तिचा नीट उलगडा झाला. पितळ मंद तापवून तो ताण काढला की तडे जात नाहीत. लष्करी पुंगळीच्या गळ्यावर दिसणारी निळसर-तपकिरी झाक अशाच तापवण्याची असते, आणि अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळ्या घासू नयेत म्हणतात तेही याचसाठी.