पडलेल्या सर्व्हरचा पंचनामा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत रात्रपाळीला सर्व्हर बंद पडतो आणि आपोआप पुन्हा चालू होतो. सकाळी लॉग उघडला तर 2 वाजून 40 मिनिटांपर्यंत सगळे सुरळीत, पुढची ओळ थेट नव्याने बूट झाल्याची. ‘लाईट गेली असेल’ म्हणून विषय मिटतो, आणि आठवड्याने तेच घडते.

लॉग कोरा राहतो याला कारण आहे. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पॅनिक झाला (सावरता न येणाऱ्या चुकीने थांबला) की डिस्कवर लिहिणाऱ्या यंत्रणेवरही भरवसा ठेवता येत नाही. पुरावा उरतो तो रॅममध्ये, आणि रीबूट होताच तोही जातो. लिनक्समध्ये यावर केडंप ही कोसळतानाची रॅम जपून ठेवणारी सोय आहे. सर्व्हर सुरू होतानाच रॅमचा एक तुकडा राखून त्यात दुसरा छोटा कर्नल भरून ठेवायचा. पहिला कोसळला की केएक्सेक ही यंत्रणा या दुसऱ्याला बायोसच्या वाटेला न जाता थेट उठवतो. जुनी रॅम तशीच राहते आणि दुसऱ्या कर्नलला ती व्हीएमकोर नावाच्या फाइलसारखी वाचता येते.

ही फाइल त्याच मशीनच्या डिस्कवरही ठेवता येते. पण बिघाड डिस्क कंट्रोलरचाच असेल तर? म्हणून ती फाइल साठवायला वेगळा डंप सर्व्हर हवा. जुना डेस्कटॉप पुरतो, मात्र मोकळी जागा सर्वांत मोठ्या मशीनच्या रॅमएवढी ठेवा. तो तळमजल्यावर नको. 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको.

रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर बूटच्या ओळीत क्रॅशकर्नल या पर्यायाला 256 एमबी द्या आणि रीबूट करा. केडंपच्या कॉन्फिग फाइलमध्ये डंप सर्व्हरचा एसएसएच (सुरक्षित रिमोट लॉगिन) पत्ता व फोल्डर लिहा, केडंप-सीटीएल प्रोपगेट ही आज्ञा चालवून त्या लॉगिनची किल्ली डंप सर्व्हरला पाठवा आणि केडंप सेवा रीस्टार्ट करा. डंप गाळून लहान करणाऱ्या मेकडंपफाइल या साधनाची पातळी 31 ठेवली की रॅमची शून्यांनी भरलेली पाने (छोटे तुकडे), कॅश, प्रोग्रॅमचा डेटा आणि मोकळी पाने गाळली जातात. फाइल बरीच लहान होते. तरी तिच्यात पासवर्ड किंवा एन्क्रिप्शनच्या किल्ल्या असू शकतात, म्हणून ते फोल्डर मोजक्या माणसांनाच उघडे ठेवा.

आता चाचणी, आणि ती टाळू नकाच. काम थांबवा, सगळ्यांना कळवा, सिंक ही आज्ञा चालवा (न लिहिलेला डेटा डिस्कवर जातो) आणि प्रॉक फोल्डरमधल्या सिसआरक्यू-ट्रिगर फाइलमध्ये सी हे अक्षर लिहा. मशीन मुद्दाम कोसळते. फाइल पोहोचली नाही तर मॉनिटरवरच्या ओळी वाचा. दुसरा कर्नल ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणत मेला, तर राखीव रॅम 512 एमबी करा. ‘होस्ट सापडत नाही’ असे दिसले तर आधी स्विच तपासा: जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत (नेटवर्कमधली वेटोळी टाळणाऱ्या स्विचच्या नियमात) पोर्ट चालू व्हायला 30 सेकंद लागतात आणि तोवर दुसरा कर्नल प्रयत्न सोडून देऊ शकतो. त्या पोर्टवर ही वाट पाहणे टाळणारी पोर्टफास्ट सेटिंग लावा. गिगाबिट नेटवर्कवर 8 जीबी जायला गणिताने मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो, प्रत्यक्षात आणखी जास्त, कारण दुसरा कर्नल सहसा एकाच कोअरवर चालतो. तेवढा वेळ सर्व्हरबरोबर स्विचही यूपीएसवर हवा. हे हमखास विसरले जाते.

मशीन कोसळत नाही, नुसते गोठते, तेव्हा केडंपला जाग येत नाही. त्यासाठी सॉफ्टलॉकअप-पॅनिक आणि हंग-टास्क-पॅनिक या दोन्ही सिसकंट्रोल (कर्नलच्या) सेटिंग 1 करा.

फाइल वाचायला क्रॅश हे साधन आणि नेमक्या त्याच कर्नल आवृत्तीची डीबग माहिती लागते. जवळची आवृत्ती चालत नाही. पहिली आज्ञा लॉग, दुसरी बीटी (बॅकट्रेस, म्हणजे फंक्शनची साखळी). शेवटी कोणते फंक्शन चालू होते आणि ते कोणत्या ड्रायव्हरचे, हे बहुधा तिथेच दिसते.

चाचणीत चाललेली यंत्रणा खऱ्या घटनेत मात्र काहीच पाठवत नसेल, तर पॉवर सप्लाय, यूपीएसची बॅटरी आणि अर्थिंग तपासायला घ्या. तेव्हा लाईटचा संशय रास्त असतो.