फायबरची पुडी आणि लोखंडाची जाळी

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या मामांनी एप्रिलमध्ये फाटकापासून पोर्चपर्यंतची वाट काँक्रीटची करायला घेतली. तीस फूट लांब, दहा फूट रुंद, पाच इंच जाड. मी पोचलो तेव्हा मिक्सर सुरू होता, खडी आणि एम सँडचे, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचे, ढीग पडले होते आणि सिमेंटच्या पोत्यांवर पांढऱ्या पुड्यांची चळत होती. जाळी कुठंच दिसेना. विचारलं तर मामा म्हणाले, "पुड्या आणल्यात की रे. दुकानदार म्हणाला, फायबर घातलं की सळी नको. तेवढेच पैसे वाचले."

हा गैरसमज एकट्या मामांचा नाही. बेळगावपासून निपाणीपर्यंत गवंडी मराठी बोलो वा कन्नड, दोघांच्याही तोंडी शब्द एकच, 'फायबर'. त्या एका शब्दाखाली दुकानात निदान दोन वेगळ्या वस्तू मिळतात, आणि त्यांतली स्वस्त वस्तू महागड्या जाळीच्या जागी खपवली जाते.

आधी वजनाचा हिशोब बघू. मामांच्या वाटेला साधारण साडेतीन घनमीटर काँक्रीट लागतं. सिमेंट, वाळू, खडीचं एकास दीड, तीन हे प्रमाण धरलं तर सिमेंटची अठ्ठावीसेक पोती. पुडी सहसा १२५ ग्रॅमची असते आणि एका पोत्याला एक टाकतात. म्हणजे सगळ्या वाटेत मिळून साडेतीन किलो प्लास्टिक. तेवढ्याच वाटेत ८ मिलिमीटरच्या सळ्या दोन्ही दिशांनी आठ-आठ इंचांवर बांधल्या तर लोखंड भरतं ११० किलोच्या वर. साडेतीन किलो माल ११० किलोचं काम करेल, असं ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला काट्यावर कुणी सांगितलं तर तो काटा तपासायला लावेल. बांधकामात मात्र आपण मान हलवतो.

पुडीतला माल म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे तंतू, केसापेक्षा बारीक. काँक्रीटसाठी बहुधा १२ मिलिमीटर लांबीचे घेतात आणि गिलाव्यासाठी ६ मिलिमीटरचे. बारीक असल्यामुळे एका घनमीटरमध्ये ते कोट्यवधी पसरतात. त्यांची खरी वेळ काँक्रीट ओतल्यापासून पहिल्या काही तासांची. काँक्रीट अजून ओलं असतं, त्याच्या अंगात ताकद नसते, जड खडी खाली बसत असते आणि पाणी वर येत असतं. वर आलेलं पाणी सावकाश उडालं तर काही बिघडत नाही. पण एप्रिल-मेची दुपार आणि त्यात वारा असला की खालून येतं त्यापेक्षा जास्त पाणी वरून उडतं. चौरस मीटरमागे तासाला एक लिटरच्या आसपास पाणी उडू लागलं की धोका धरतात. वरचा थर आकसतो, खालचा आकसत नाही, आणि संध्याकाळपर्यंत पृष्ठभागावर केसासारख्या भेगा उमटतात. त्या ओल्या, अशक्त काँक्रीटला त्या घडीला पुडीतला तंतू पुरेसा आधार देतो. भेग सुरू होते तिथंच तो तिला अडवतो. ही कल्पना आपल्याला नवी नाही. खानापूरकडच्या मातीच्या भिंतींत भाताचं पिंजर कालवायचे ते याचसाठी: चिखल वाळताना तडकू नये म्हणून. त्या पिंजरावर कुणी माळवद पेललं नाही.

काँक्रीट एकदा घट्ट झालं की बाजू पालटते. काँक्रीट दाबाला खंबीर, पण ताणाला दुबळं. गाडीचं चाक चढलं, खालची माती हलली किंवा ऊन-थंडीनं स्लॅब लहानमोठा झाला की ताण येतो आणि तडा जातो. ज्याचं काम तडा गेल्यावर सुरू होतं ती जाळी. तडा जाऊच नये म्हणून जाळी घालतात अशी समजूत आहे, ती चूक. तडा जायचा तो जातोच. जाळी त्याच्या दोन्ही कडा आवळून धरते, म्हणून तो सुतासारखा राहतो आणि एक बाजू खाली बसत नाही. पॉलिप्रॉपिलीन इथं का चालत नाही, तर ते लोखंडापेक्षा चाळीस-पन्नास पटींनी जास्त ताणलं जातं. घट्ट झालेलं काँक्रीटही त्याच्यापेक्षा पाच-सहा पटींनी ताठ असतं. तंतूला जोर येईपर्यंत तडा रुंद झालेला असतो.

थोडक्यात, पुडीचं घड्याळ तासांचं आणि जाळीचं वर्षांचं. म्हणून एकाच्या जागी दुसरं बसत नाही. उलट दोन्ही एकत्र घालायला काहीच हरकत नसते.

मग फायबर घालून जाळीशिवाय केलेली फरशी कुणीतरी पाहिलेली असते, त्याचं काय? ती बहुधा कारखान्याच्या शेडची असते आणि त्यातलं फायबर दुसरंच असतं: पोलादाचे तुकडे, ३० ते ६० मिलिमीटर लांब, टोकं वाकवलेली, घनमीटरला २० ते ४० किलो. मामांच्या वाटेत ते घातले असते तर ७० ते १४० किलो लागले असते. म्हणजे लोखंड टळलंच नाही, फक्त सळीऐवजी तुकड्यांच्या रूपात आलं. हे तुकडे तडा गेल्यावरही धरून ठेवतात, म्हणून जमिनीवर टेकलेल्या फरशीत, हिशोब करून, ते जाळीची जागा घेऊ शकतात. जाड प्लास्टिकचे, दोनेक इंच लांबीचे तंतूही त्याच कामासाठी मिळतात, तेही किलो-किलोनं मोजून घालायचे. रस्त्यांच्या फायबर काँक्रीटसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची वेगळी मार्गदर्शिकाच आहे, आयआरसी एसपी ४६. दुकानात विचारायचा प्रश्न सोपा: घनमीटरला किती किलो? उत्तर किलोभर किंवा त्याहून कमी आलं, तर ती पुडी पहिल्या दिवसाची. घरच्या अंगणाला पोलादी तुकडे मी तरी सुचवत नाही. वर राहिलेली टोकं गंजून तांबडे ठिपके पडतात, अनवाणी पायाला टोचतात, आणि आपल्याकडे अंगणात रांगोळी असते, मिरच्या वाळतात, पोरं लोळतात.

एक इशारा इथंच, कारण मराठीत 'स्लॅब' म्हटलं की आधी डोक्यावरचा आठवतो. छताच्या स्लॅबमधल्या सळीला यातलं काहीही लागू नाही. जमिनीवरच्या काँक्रीटला खालून माती पेलते, छताला सळी पेलते. नुसत्या किमान सळीचा आकडासुद्धा काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, ठरलेला आहे, टॉर (पिळाच्या) सळीला काँक्रीटच्या छेदाच्या ०.१२ टक्के, आणि प्रत्यक्षात लागणारी सळी इंजिनिअर गाळ्याप्रमाणे, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराप्रमाणे, काढतो. पुडी टाकली म्हणून छतातली एकही सळी काढायची नाही. घालायचीच असेल तर वरून घाला, भेगा कमी पडतील.

जाळीच्या बाजूनं बोलतोय म्हणून तिचं कौतुकच करेन असं नाही. अंगणातल्या कितीतरी जाळ्या वाया गेलेल्या असतात, कारण त्या मुरुमावर नुसत्या अंथरलेल्या असतात. "ओतताना वर ओढून घेतो," असं मेस्त्री सांगतो आणि घमेली घेतलेली माणसं तिच्यावरून चालत राहतात. तळाशी गेलेली जाळी मातीला आवळते, काँक्रीटला नाही. ती वरच्या तिसऱ्या हिश्शात हवी, पाच इंचांत वरून दीड-दोन इंचांवर, म्हणजे खाली त्या उंचीचे कव्हर ब्लॉक (सिमेंटचे ठोकळे) किंवा सळी वाकवून केलेल्या खुर्च्या हव्याच. पुडीत ही कटकट नाही, हा तिचा मोठा गुण.

पुडीची कटकट मिक्सरमध्ये असते. अख्खी पुडी एकदम पाण्यावर उपडी केली तर तंतूंचे गोळे होतात आणि ते गोळे तसेच वाटेत जातात. मोकळे करून, भुरभुरवत टाकायचे आणि मिक्सर नेहमीपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त फिरवायचा. फायबर पडलं की माल कोरडा वाटू लागतो आणि माणूस पाण्याच्या बादलीकडे वळतो. सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं, कारण जास्तीच्या पाण्यानं काँक्रीट पुढं जास्त आकसतं, म्हणजे ज्यासाठी पुडी आणली तेच घालवलं. पाण्याऐवजी प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, घ्यावं. गवंड्यानं रंधा मारून पृष्ठभाग सपाट केल्यावर वर तंतूंचे केस दिसतात, ते चाकाखाली झिजून जातात. खराट्याच्या रेघा मात्र जरा उशिरा ओढाव्यात, नाहीतर खराटा तंतू उपसून काढतो. घोटाई करून वाट गुळगुळीत करू नका. आपल्या पावसात फाटकाजवळ माणूस घसरतो.

मामांच्या वाटेवर दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या ठरल्या. त्या संध्याकाळी वारा चांगलाच सुटला होता, तरी पृष्ठभागावर एक भेग नव्हती. पुडीनं तिचं काम चोख केलं. पाऊस संपला तेव्हा मात्र वाटेच्या मध्याजवळ आडवा तडा गेलेला होता आणि दिवाळीपर्यंत त्यात रुपयाचं नाणं उभं बसायला लागलं. फाटकाकडची बाजू अर्धा इंच खाली. येळ्ळूर-वडगावची भातपिकाची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आवळते. तिच्यावर थेट ओतलेला स्लॅब तिच्याबरोबर हलतो. खानापूरकडच्या तांबड्या जमिनीत हा त्रास इतका नाही. आणखी एक चूक होती: तीस फुटांत एकही सांधा, म्हणजे मुद्दाम कापलेली आडवी खाच, नव्हता. सांधा आपण दिला नाही तर काँक्रीट स्वतःच्या मनानं देतं. पाच इंचांच्या वाटेला दर दहा फुटांवर, सव्वा इंच खोल, ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच कटर फिरवायचा असतो. खालचा थर पक्का ठोकलेला असेल आणि सांधे वेळेवर कापले असतील, तर नुसत्या कारच्या वाटेला जाळीशिवायही भागतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तेव्हा जाळीची जागा कटरनं घेतलेली असते, पुडीनं नाही. दारात उसाची ट्रॉली वळत असेल तर ही सूट विसरा: जाडी सहा इंच आणि जाळी घालाच.

फाटकाकडचा अर्धा भाग मामांनी फोडला. काळी माती दीड फूट उपसली, सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरून पाणी मारून ठोकला, जाळी कव्हर ब्लॉकवर उचलली आणि पुड्या पुन्हा आणल्या, कारण काम पुन्हा उन्हातच, मार्चमध्ये, आलं होतं. सकाळी सहालाच ओतायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी कटर फिरला, मग मातीचे वाफे करून दहा दिवस पाणी तुंबवलं. हल्लीच्या पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला आणि कडक उन्हाला आयएस ४५६ प्रमाणे तेवढे दिवस लागतातच, पुडी असो वा नसो.

ओतताना मामा स्वतः जाळीपाशी खुर्ची टाकून बसले होते. घमेलं घेऊन एक पोरगा सळीवर पाय ठेवायला गेला, तसे ओरडले, "फळीवरनं जा की रे! ते खाली बसलं तर परत मीच फोडायचं व्हय?"