घरबसल्या युरोपियन कायद्यात एलएल.एम. : पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

२५ मे २०१८ ला जीडीपीआर, म्हणजे युरोपियन युनियनचा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा, लागू झाला आणि पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांमधल्या लीगल टीमना युरोपियन युनियनचा कायदा रोजच्या कामात लागू लागला. आता पोलाद आणि ॲल्युमिनियम निर्यात करणाऱ्यांना युरोपियन युनियनच्या कार्बन सीमा यंत्रणेचे (आयात मालामागच्या कार्बन उत्सर्जनावर शुल्क लावणारी व्यवस्था) नियम समजून घ्यावे लागतात. नोकरी किंवा प्रॅक्टिस न सोडता हा कायदा नीट शिकायचा असेल, तर ऑनलाइन मास्टर्स हा चांगला मार्ग आहे. मात्र माहितीपत्रकातल्या विषयांची यादी वाचायला घेण्याआधी पदवी नेमकी कोण देतं आणि ती कुठे चालेल, हे बघा.

पदवी खरी कोणती?

युरोपात ‘मास्टर’ हा शब्द सगळीकडे एकाच अर्थाने वापरत नाहीत. स्पेनमध्ये ‘मास्तेर ओफिसियाल’ म्हणजे सरकारमान्य पदवी, तर ‘तीतुलो प्रोपिओ’ म्हणजे विद्यापीठाने स्वतःच्या नावाने दिलेली पदवी. इटलीत पूर्ण पदव्युत्तर पदवीला ‘लाउरेआ माजिस्त्राले’ म्हणतात. तिथे नुसतं ‘मास्टर’ लिहिलेलं असेल तर तो बहुधा पदवीनंतरचा व्यावसायिक अभ्यासक्रम असतो. जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून डेकार (DEQAR) या युरोपीय गुणवत्ता-नोंदणीच्या खुल्या डेटाबेसमध्ये संस्थेचं नाव शोधा आणि पदवी प्रमाणपत्रावर कोणाचं नाव छापलं जाईल ते विद्यापीठाला ईमेलने विचारा. उत्तर लेखी हवं.

भारतातल्या मान्यतेबद्दल स्पष्टच सांगते. परदेशी पदव्यांना समकक्षता देण्याचे यूजीसीचे २०२५ चे नियम कायद्याच्या पदव्यांना लागू होत नाहीत, कारण तो प्रांत बार कौन्सिल ऑफ इंडियाचा. आणि पूर्वपरवानगीशिवाय चालवलेल्या ऑनलाइन एलएल.एम.ला बार कौन्सिलचा विरोध आहे. लॉ कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असेल, तर केवळ या पदवीच्या भरवशावर पैसे भरू नका. कंपनीतलं काम, अनुपालन (कम्प्लायन्स), डेटा संरक्षण, स्पर्धा कायदा यांसाठी मात्र हे शिक्षण थेट उपयोगी पडतं. या पदवीने युरोपात वकिली करण्याचा परवाना मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

पात्रता

एलएल.एम.साठी साधारण एलएल.बी. हवीच. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम किंवा पदवीनंतरचा तीन वर्षांचा, दोन्ही साधारण चालतात. जर्मनीत मास्टर्स पूर्ण होईपर्यंत आधीच्या पदवीसह एकूण ३०० ईसीटीएस श्रेयांक (युरोपातली अभ्यासाचं प्रमाण मोजायची क्रेडिट पद्धत) भरावे लागतात. नोकरदारांसाठीच्या तिथल्या ‘वाइटरबिल्डेंड’ मास्टर्सला सहसा किमान एक वर्षाचा कामाचा अनुभवही मागतात. कायद्याची पदवी नसलेल्यांना काही ठिकाणी प्रवेश मिळतो, पण मग हातात बहुधा एलएल.एम. नाही, एम.ए. येते. इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा टोफेल लागते. त्यांचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो, त्यामुळे अर्जाची तारीख पाहून परीक्षा द्या.

कागदपत्रं

पदवी प्रमाणपत्र, सर्व सत्रांच्या मार्कशीट, ट्रान्स्क्रिप्ट, पासपोर्ट, सीव्ही (युरोपास या युरोपियन युनियनच्या ठरावीक नमुन्यात असेल तर उत्तम), उद्देशपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज) आणि दोन शिफारसपत्रं. ट्रान्स्क्रिप्टची सुरुवात सगळ्यात आधी करा, ते तुमच्या हातात नसतं. जुन्या बॅचच्या लोकांना विद्यापीठाच्या परीक्षा विभागात खेपा घालाव्या लागू शकतात.

नावाचा घोळ आपल्याकडे नेहमीचा. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, वडिलांचं आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा आणि आईचं नाव नावाच्या रकान्यात नाहीच. माझ्या बाबतीत मार्कशीटवर माहेरचं आडनाव होतं आणि पासपोर्टवर सासरचं. अर्ज तीन आठवडे अडकला. शेवटी विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र दिल्यावर तो पुढे सरकला. हे दोन्ही कागद इंग्रजीत, स्कॅन करून तयारच ठेवा.

शिफारस देणाऱ्या सरांना कॉलेजचा ईमेल आयडी वापरायला सांगा. खासगी आयडीवरून आलेलं पत्र अनेक विद्यापीठं परत तपासायला घेतात. उद्देशपत्रात ‘मला युरोपियन कायद्याची आवड आहे’ एवढ्याने भागत नाही. तुम्ही हाताळलेला एखादा डेटा करार, एखादं अनुपालनाचं काम लिहा आणि अभ्यासक्रमातल्या कोणत्या विषयाशी ते जुळतं ते सांगा.

अपोस्टील, म्हणजे कागदपत्र परदेशात ग्राह्य धरलं जावं म्हणून त्यावर घेतलेला सरकारी शिक्का, मागितली तरच करा. आधी राज्य पातळीवर प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालय, असा तो रस्ता आहे. पहिल्या टप्प्यात बहुतेक ठिकाणी स्कॅन प्रती पुरतात.

फी कशी पाठवायची

बँकेत फॉर्म ए-२ (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज), पॅन आणि विद्यापीठाचं प्रवेश मिळाल्याचं पत्र लागतं. तिथे पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी पाठवताय त्याचा कोड, विचारतात. एस०३०५ हा शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांचा कोड आहे. घरी बसून शिकणाऱ्यांसाठी एस११०७, म्हणजे परदेशी पत्रद्वारा अभ्यासक्रमाची फी. काउंटरवर सवयीने पहिला टाकला जातो, म्हणून फॉर्म स्वतः वाचून सही करा. लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम या परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली सगळ्या कारणांसाठी मिळून आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (बँकेने आगाऊ गोळा केलेला प्राप्तिकर) कापत नाहीत.

गोवेकरांसाठी खास : पोर्तुगालमध्ये जन्मनोंद होऊन नागरिकत्व मिळालं असेल, तर युरोपीय नागरिकांचा फी-दर लागू होतो का ते विचारा. काही देशांत फरक मोठा असतो. ब्रिटनमध्ये मात्र ऑगस्ट २०२१ पासून ती सवलत नाही.

व्हिसा आणि वेळ

पूर्ण ऑनलाइन शिकण्यासाठी व्हिसा लागत नाही आणि मिळतही नाही. एखाद्या आठवड्याचं प्रत्यक्ष सत्र असेल, तर शेंगेन अल्पमुदतीचा व्हिसा काढावा लागेल. त्याचा खर्च फीमध्ये धरलेला नसतो.

६० श्रेयांकांचा अभ्यासक्रम म्हणजे किमान १५०० तास. दोन वर्षांत करायचा तर आठवड्याला साधारण १४ तास, एकही आठवडा न चुकवता. लक्झेंबर्गच्या घड्याळात संध्याकाळी सहाचं लेक्चर आपल्याकडे उन्हाळ्यात साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेदहाला सुरू होतं. अर्ज भरण्याआधी सलग दोन आठवडे रात्रीचे ते तास मोकळे ठेवून पाहा. जमतंय असं वाटलं की ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज टाका.