सततचा शह आणि तीनदा तीच स्थिती

'सततच्या शहाने डाव बरोबरीत सुटला' असं आपण सर्रास म्हणतो. पण फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) आजच्या नियमांत सततच्या शहाचं वेगळं कलमच नाही. शह देत राहणं हा बरोबरीकडे नेण्याचा मार्ग आहे. बरोबरी मिळते ती दोघांनी मान्य केल्याने, नाहीतर तीच स्थिती पटावर तिसऱ्यांदा आल्याने.

समजा काळा राजा जी८ वर (जी या उभ्या पट्टीतलं आठवं घर), प्यादं जी७ वर, एफ आणि एच पट्ट्यांतली प्यादी गेलेली, आणि मध्ये आणायला मोहरा नाही. पांढरा वजीर ई८ वर शह देतो, राजा एच७ वर जातो. एच५ वर शह, राजा परत जी८ वर. पहिला शह ई८ वर असेल तर पाचव्या शहाला तीच स्थिती तिसऱ्यांदा येते.

पुनरावृत्तीला मात्र शह लागतच नाही, आणि चालीही त्याच असाव्या लागत नाहीत. १९७१ साली ब्वेनोस आयरेसला बॉबी फिशर आणि टिग्रान पेट्रोस्यान या ग्रँडमास्टरांच्या सामन्याच्या तिसऱ्या डावात पांढऱ्याने, म्हणजे फिशरने, ३० आणि ३२व्या चालीला वजीर ई२ वर आणला, आणि ३४वी म्हणून तीच चाल लिहून दावा केला. मधल्या काळात पेट्रोस्यानने एकदा वजीर हलवून परत आणला, दुसऱ्यांदा हत्ती. चाली वेगळ्या, स्थिती तीच. फिशरने बरोबरी मिळवली, तीही पेट्रोस्यानची बाजू सरस असताना. म्हणून चाली मोजू नका, स्थिती मोजा.

स्थिती 'तीच' ठरायला चाल त्याच खेळाडूची हवी, मोहरे त्याच घरांत हवेत, आणि किल्लेकोट (राजा व हत्ती एकाच चालीत हलवणं) व एन पासाँ (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने लगेच मारणं) यांचे हक्कही तेच हवेत. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते: पहिल्या वेळी किल्लेकोटाचा हक्क शाबूत होता, नंतर राजा हलून परत आला, तर ती पहिली वेळ मोजत नाहीत.

दावा करताना क्रम सांभाळा. तिसऱ्यांदा स्थिती आणणारी चाल आधी स्कोअरशीटवर (चाली नोंदवायच्या कागदावर) लिहायची, मोहऱ्याला हात न लावता पंचांना सांगायचं. घड्याळ थांबवता येतं. चाल खेळून मग दावा केला तर तो चालत नाही, कारण आता पाळी प्रतिस्पर्ध्याची. प्रतिस्पर्ध्याच्या चालीनेच स्थिती तिसऱ्यांदा आली असेल, तर काही न लिहिता, आपली चाल करण्याआधी दावा करावा. दावा चुकला तर प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटं वाढवून मिळतात, आणि लिहिलेली चाल खेळावीच लागते.

कुणीच दावा केला नाही तर डाव चालू राहतो. तीच स्थिती पाचव्यांदा आली की मात्र दाव्याची गरज नाही. डाव तिथेच बरोबरीत संपतो.