स्ट्रीट फोटोग्राफी

सार्वजनिक ठिकाणी, अनोळखी माणसांमध्ये वावरत, घडवून न आणलेले प्रसंग टिपणारी छायाचित्रणाची शाखा. रस्ता हे तिचे मूळ क्षेत्र. तथापि रेल्वे स्थानक, बाजार, बाग, समुद्रकिनारा, भुयारी रेल्वेचा डबा अशी कोणालाही मोकळेपणाने जाता येणारी ठिकाणेही तीत येतात. चित्रात माणूस असलाच पाहिजे असा दंडक नाही. रिकामी खुर्ची, फाटके भित्तिपत्रक किंवा नुसती सावली यांतून माणसाचा वावर जाणवला तरी पुरे. वृत्तछायाचित्रकार घटनेच्या मागावर असतो, डॉक्युमेंटरी छायाचित्रकाराने विषय आधी ठरवलेला असतो. स्ट्रीट फोटोग्राफी करणाऱ्यावर यांपैकी कोणतेही बंधन नसते. या सीमारेषा पुसट आहेत. गॅरी विनोग्रँड (१९२८–८४) यांच्यासारख्या या क्षेत्रातील अग्रणी छायाचित्रकारालाही ‘स्ट्रीट फोटोग्राफी’ हे नाव पसंत नव्हते.

उगम : या शाखेचा आरंभ कोठून धरावा याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. रस्त्यावरील माणूस दिसणारे सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र म्हणून लुई दागेअर यांनी पॅरिसमधील बुलव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचे वरच्या मजल्यावरून घेतलेले चित्र दाखवले जाते. त्याचा काळ काही जण १८३८, तर काही १८३९ मानतात. सॅम्युएल मोर्स यांनी मार्च १८३९ मध्ये पॅरिसहून लिहिलेल्या पत्रात निर्मनुष्य दिसणारा रस्ता आणि बूट साफ करून घेणारा एकच माणूस असे वर्णन आहे. ते याच चित्राचे असावे. त्यामुळे १८३८ हे वर्ष अधिक संभाव्य वाटते. प्रकाशनाला, म्हणजे चित्र उमटवायच्या धातूच्या पत्र्यावर प्रकाश पडू देण्याला, कित्येक मिनिटे लागत असल्याने चालती माणसे व गाड्या त्यावर उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घेणारा एका जागी थांबला म्हणून तेवढा राहिला. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याला भेट दिलेल्या या मूळ पत्र्याचे पुढे साफसफाईच्या प्रयत्नात मोठे नुकसान झाले. या चित्राला स्ट्रीट फोटोग्राफीचा आरंभ म्हणणे मात्र ओढूनताणून वाटते. माणूस तेथे अपघाताने आला आहे, छायाचित्रकाराने त्याला हेरलेले नाही.

शार्ल नेग्र यांचे धुराडी साफ करणाऱ्या मुलांचे पॅरिसमधील चित्र (सुमारे १८५१) चालत्या माणसांचे दिसते. पण ती मुले सांगून उभी केली असावीत असेच बहुतेक अभ्यासक मानतात. जॉन थॉमसन यांनी अॅडॉल्फ स्मिथ यांच्या मजकुरासह १८७७-७८ मध्ये लंडनच्या रस्त्यांवरील कष्टकऱ्यांची चित्रमालिका काढली. विषय रस्त्याचा असला तरी ओल्या कोलोडियन काचेच्या पद्धतीत काच जागेवरच तयार करावी व धुवावी लागे, त्यामुळे माणसांना मांडून, थांबवून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. फ्रेंच छायाचित्रकार यूजेन अजे (१८५७–१९२७) यांचे स्थान वेगळे आहे. पॅरिसच्या गल्ल्या, दुकानांच्या काचा आणि फेरीवाले त्यांनी १८ × २४ सेंमी. काचेच्या जड कॅमेऱ्याने टिपले. त्यांची दृष्टी पुढील पिढ्यांना मार्गदर्शक ठरली, म्हणून अनेक इतिहासकार आरंभ त्यांच्यापासून धरतात.

प्रचलित मांडणीत निर्णायक वळणाचे श्रेय १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत दाखल झालेल्या लायका कॅमेऱ्याला दिले जाते. ऑस्कर बार्नाक यांनी चित्रपटाच्या फिल्मवर २४ × ३६ मिमी. चौकट घेणारा हा खिशात मावणारा कॅमेरा घडवला, आणि त्यामुळे कामाचा वेग बदलला हे खरे. परंतु ज्या वर्तनाने ही शाखा ओळखली जाते, म्हणजे गर्दीत मिसळून कोणाला न सांगता क्षण टिपणे, ते त्याआधी तीन दशके रुळले होते. १८८० च्या सुमारास जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात आल्या आणि प्रकाशनाचा अवधी सेकंदाच्या अंशावर आला. १८८६ मधील स्टिर्न यांचा चकतीसारखा कॅमेरा कोटाखाली बांधून बटणाच्या भोकातून चित्र घेई. पुढे गणितज्ञ म्हणून प्रसिद्धीस आलेले कार्ल स्टॉर्मर यांनी विद्यार्थिदशेत, १८९० च्या दशकात, अशाच कॅमेऱ्याने आजच्या ऑस्लोच्या रस्त्यावर ओळखीपाळखीच्यांना चालता चालता टिपले. लंडनमध्ये पॉल मार्टिन (१८६४–१९४४) गठ्ठ्यासारखा दिसणारा कॅमेरा काखेत धरून हेच करीत होते. त्याच सुमारास, १८९० मध्ये, अमेरिकेतील वॉरन व ब्रँडाइस यांनी खाजगीपणाच्या हक्कावर लिहिलेल्या विख्यात लेखात झटपट छायाचित्रांचा धोका नमूद केला. एखाद्या प्रथेविरुद्ध कायद्याचा युक्तिवाद उभा राहतो तेव्हा ती प्रथा बऱ्यापैकी पसरलेली असते. म्हणून उगम १८९० च्या आसपास, हाती धरायच्या कॅमेऱ्यांबरोबर मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

पुढील वाटचाल : आंद्रे केर्तेस, ब्रासाई आणि आंरी कार्तिये-ब्रेसाँ (१९०८–२००४) यांनी दोन महायुद्धांदरम्यान पॅरिसमध्ये या शाखेला काव्यात्म घडण दिली. ‘निर्णायक क्षण’ (प्रसंगाचा अर्थ व चौकटीची रचना एकाच क्षणी जुळून येणे) ही कल्पना कार्तिये-ब्रेसाँ यांच्या १९५२ च्या पुस्तकामुळे सर्वतोमुखी झाली. न्यूयॉर्कमध्ये हेलन लेविट (१९१३–२००९) यांनी मुलांचे खेळ टिपले, तर वॉकर एव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ दरम्यान कोटाआड कॅमेरा लपवून भुयारी रेल्वेतील प्रवासी टिपले. रॉबर्ट फ्रँक यांच्या अमेरिका-प्रवासातील (१९५५-५६) चित्रांनी आणि विल्यम क्लाइन यांच्या १९५६ च्या न्यूयॉर्कवरील पुस्तकाने नेटकेपणाचा आग्रह मोडला. १९६७ मध्ये जॉन झारकॉव्हस्की यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात डायान आर्बस, ली फ्रीडलँडर व विनोग्रँड यांचे एकत्रित प्रदर्शन मांडले. जपानमध्ये दाइदो मोरियामा यांनी भरड दाण्याची, हललेली, तिरपी चित्रे मुद्दाम स्वीकारली. रंगीत कामात सॉल लाइटर, जोएल मायरोवित्झ व रघुबीर सिंग (१९४२–९९) ही नावे महत्त्वाची आहेत. शिकागोत मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर (१९२६–२००९) यांचा प्रचंड संग्रह २००७ मध्ये लिलावात निघाल्यावरच जगापुढे आला.

तंत्र : शिकणाऱ्याने सर्वप्रथम आत्मसात करायची गोष्ट म्हणजे फोकस आधीच लावून ठेवणे, म्हणजे झोन फोकसिंग. स्वयंचलित फोकस वेगवान झाला असला तरी गर्दीत तो भलत्याच चेहऱ्यावर जातो, आणि फोकस शोधण्यात गेलेला क्षण परत येत नाही. २४ × ३६ मिमी. चौकटीत धूसरतेची मान्य मर्यादा (एवढा ठिपका डोळ्याला रेखीवच वाटतो) ०.०३ मिमी. धरली, तर एफ/८ या ॲपर्चरवर, म्हणजे लेन्समधील छिद्राच्या मापावर, ३५ मिमी. लेन्सचे हायपरफोकल अंतर सुमारे ५.१ मीटर येते. तेथे फोकस ठेवल्यास सुमारे २.६ मीटरपासून अनंतापर्यंत सर्व पुरेसे रेखीव दिसते. पण रस्त्यावरचा विषय बहुधा याहून जवळ असतो. त्यामुळे अनुभवी हात फोकस २.५ मीटरवर ठेवतो; मग रेखीव पट्टा साधारण १.७ ते ४.९ मीटर असा मिळतो. याच ॲपर्चरला आणि याच फोकसला २८ मिमी. लेन्स सुमारे १.४ ते १० मीटर एवढा पट्टा देते, तर ५० मिमी. लेन्स जेमतेम २ ते ३.३ मीटर. २८ व ३५ मिमी. लेन्स या क्षेत्रात इतक्या का रुजल्या याचे निम्मे उत्तर या आकड्यांत आहे. उरलेले निम्मे, अशा लेन्सने माणूस मोठा दिसायचा तर त्याच्याजवळ जावेच लागते, यात. एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरवर २३ मिमी. लेन्स साधारण ३५ मिमी. एवढेच दृश्य देते आणि जवळपास तेवढाच पट्टा एफ/५.६ वरच मिळतो. ०.०३ मिमी. ही मर्यादा मध्यम आकाराच्या प्रिंटसाठीचा जुना संकेत आहे; फार मोठी प्रिंट काढायची असल्यास पट्टा आखूड धरावा.

शटर स्पीडचा, म्हणजे प्रकाशनाच्या अवधीचा, हिशेबही असाच करता येतो. माणूस साधारण ताशी ५ किमी., म्हणजे सेकंदाला १.४ मीटर चालतो. तो ३ मीटर अंतरावरून आडवा जात असेल, तर ३५ मिमी. लेन्समागे त्याची प्रतिमा सेकंदाला सुमारे १६ मिमी. सरकते. १/१२५ सेकंदात ती ०.१३ मिमी. सरकेल, १/२५० मध्ये ०.०६५ आणि १/५०० मध्ये ०.०३३ मिमी. म्हणजे वर धरलेल्या धूसरतेच्या मर्यादेजवळ ती १/५०० वरच येते. पावलांचा वेग धडापेक्षा जास्त असल्याने ती याही वेगाला किंचित हलतात. सरळ समोर येणाऱ्या माणसासाठी मात्र १/२५० पुरते. आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता) ४०० ला कडक उन्हात एफ/८ आणि १/१६०० सेकंद अशी जुळणी चालते. त्याच रस्त्याच्या सावलीच्या बाजूला प्रकाश तीन किंवा अधिक स्टॉप (दर स्टॉपला निम्मा) कमी असतो. म्हणून बरेच जण एफ/८ व १/५०० कायम ठेवून आयएसओ कॅमेऱ्यावर सोडतात. नवशिक्याला ही व्यवस्था सुचवावी; हात व डोळा मोकळे राहतात.

सराव : कार्तिये-ब्रेसाँ यांची १९३२ मधील दोन चित्रे दोन वेगळ्या पद्धती दाखवतात. येर गावातील चित्रात वळणदार जिना व कठडा यांची रचना स्थिर आहे आणि सायकलस्वार तिच्यातून जातो. येथे शिकण्याची गोष्ट म्हणजे आधी जागा, प्रकाश व पार्श्वभूमी निवडावी आणि माणूस येईपर्यंत थांबावे. सँ-लाझार स्थानकामागील डबक्यावरून उडी मारणारा माणूस मात्र कुंपणाच्या फटीतून झटक्यात टिपलेला आहे. फळीने चौकटीची एक बाजू अडवल्याने, चौकट कापण्याला एरवी विरोध करणाऱ्या या छायाचित्रकाराने ते चित्र कापले. नवशिक्यासाठी थांबण्याची पद्धत अधिक फलदायी असते, कारण तीत एका वेळी एकाच बदलत्या गोष्टीवर लक्ष ठेवावे लागते आणि लोकांनाही छायाचित्रकाराची सवय होते. चालत टिपण्याच्या पद्धतीला पार्श्वभूमी वाचण्याची सवय आधी अंगी मुरलेली असावी लागते.

सर्वांत अवघड शिक्षण अंतराचे. टेलिफोटो लेन्सने रस्त्यापलीकडून घेतलेली चित्रे बहुधा सपाट आणि चोरटी वाटतात. बघणाऱ्याला आपण त्या गर्दीत आहोत असे वाटत नाही. भीती टाळण्यासाठी पूर्वसूरींनीही आडमार्ग शोधले. पॉल स्ट्रँड यांनी १९१६ च्या सुमारास कॅमेऱ्याच्या बाजूला खोटी लेन्स बसवली, तर लेविट काटकोनात पाहणारा व्ह्यूफाइंडर वापरीत. दुसऱ्या टोकाला ब्रूस गिल्डन हातातला फ्लॅश अगदी चेहऱ्याजवळ उडवतात. त्यांच्या पद्धतीविषयी समव्यावसायिकांतही तीव्र मतभेद आहेत. कॅमेरा उघडपणे गळ्यात ठेवणे, नजरानजर झाल्यास हसून मान डोलावणे आणि कोणी हरकत घेतल्यास चित्र दाखवून, हवे तर पुसून टाकणे ही रीत अधिक टिकाऊ आहे. लपवाछपवीने संशय वाढतो. असहाय अवस्थेतील माणसाचे चित्र केवळ सहज मिळते म्हणून घेऊ नये, हा संकेत शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवा.

निवड हा सरावाचा तितकाच मोठा भाग आहे, आणि शिकवताना तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. फ्रँक यांनी अमेरिका-प्रवासातील सुमारे २७,००० चित्रांतून पुस्तकात ८३ ठेवली. विनोग्रँड फिल्म मुद्दाम उशिरा, कधी वर्षभराहून अधिक काळाने धूत, जेणेकरून चित्र घेतानाची भावना निवडीत डोकावू नये. त्यांच्या निधनानंतर सुमारे २,५०० रोल न धुतलेले निघाले. डिजिटल कॅमेऱ्यात चित्र तत्क्षणी दिसत असल्याने हा दुरावा जाणीवपूर्वक निर्माण करावा लागतो. काही आठवडे चित्रे न पाहता ठेवणे, नंतर लहान प्रिंट काढून जमिनीवर मांडणे आणि एकमेकांशेजारी ठेवून पाहणे हा उपाय उपयुक्त ठरतो. फसलेल्या चौकटींकडे तेव्हा विशेष लक्ष द्यावे. थोडे अलीकडे सरकलो असतो, किंवा क्षणभर थांबलो असतो तर काय झाले असते, हे त्यांतून कळते. एकाच प्रसंगाच्या लागोपाठच्या चौकटी यासाठी जपून ठेवणे आवश्यक आहे.

घडवलेल्या प्रसंगाचा प्रश्न या शाखेला सतत भेडसावतो. रोबेर द्वानो यांचे पॅरिसच्या नगरभवनासमोरील चुंबनाचे १९५० मधील चित्र दीर्घकाळ उत्स्फूर्त समजले गेले. १९९० च्या दशकातील न्यायालयीन दाव्यांच्या ओघात ती जोडी ठरवून आणलेली होती हे उघड झाले. चित्राचे सौंदर्य त्याने कमी होत नाही, परंतु स्ट्रीट फोटोग्राफीचा नमुना म्हणून ते पुढे करणे उचित नाही.

कायदा : नियम देशागणिक भिन्न आहेत, आणि चित्र घेणे व ते प्रसिद्ध करणे यांचा विचार बहुधा स्वतंत्रपणे होतो. अमेरिकेत सार्वजनिक जागी घेतलेल्या कलात्मक चित्रांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे भक्कम संरक्षण आहे; फिलिप-लोर्का डिकॉर्शिया यांनी टाइम्स स्क्वेअरमध्ये पादचाऱ्यांची त्यांच्या नकळत घेतलेली चित्रे २००६ मध्ये न्यायालयाने कला म्हणून ग्राह्य धरली. जर्मनीत १९०७ च्या कायद्यानुसार प्रसिद्धीसाठी चित्रातील व्यक्तीची संमती लागते, मात्र कलेच्या उच्च हितासाठी अपवाद आहे. तेथील संवैधानिक न्यायालयाने २०१८ मध्ये स्ट्रीट फोटोग्राफीला कलास्वातंत्र्याचे संरक्षण आहे हे मान्य केले. तरीही वर्दळीच्या रस्त्यालगत मोठ्या आकारात लावलेल्या एका चित्राबाबतचा प्रतिकूल निकाल कायम राहिला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये क्युबेक प्रांतातील प्रकरणात, पायरीवर बसलेल्या तरुणीचे चित्र संमतीविना छापल्याबद्दल २,००० डॉलर भरपाई कायम केली. हंगेरीत मार्च २०१४ पासून लागू झालेल्या नागरी संहितेने चित्र घेण्यासाठीही संमती आवश्यक ठरवली. गर्दीची आणि सार्वजनिक जीवनातील प्रसंगांची चित्रे या अटीतून वगळली आहेत.